टप्प्याखालचा माणूस

४ ऑगस्ट

मामा,

फोनच करणार होते, पण फोनवर तू सगळ्याला हो हो म्हणतोस आणि मग आई सांगते की तुला एक अक्षर ऐकू आलेलं नव्हतं. म्हणून पत्र. डावा कान गेलेल्या माणसाशी बोलायचं तर कागदच बरा.

कॉलेज सुरू होऊन महिना झाला. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला डिझाइन शिकवणाऱ्या सरांचं खरं नाव कुणी घेत नाही, सगळे ब्लेडसर म्हणतात. आठवडाभर खपून आपण पुठ्ठ्याचं घर करून न्यावं, की ते खिशातून ब्लेड काढतात आणि घर मधोमध कापतात. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही म्हणे. पहिल्या दिवशी एक मुलगी रडली. सरांनी तिला स्वतःचा रुमाल दिला आणि उरलेला अर्धा भागही कापला.

यंदाचं काम ऐक. आपल्या ओळखीचा एक जिना घ्यायचा आणि त्याचं मॉडेल करायचं. मग तेच परत करायचं. मग परत. नोव्हेंबरपर्यंत बारा वेळा, आणि तोवर कागदावर एक रेघ ओढायची नाही. डोक्याला कळलेलं माणूस विसरतो, हाताला कळलेलं विसरत नाही, असं सरांचं म्हणणं. पहिली दोन मॉडेलं पुठ्ठ्याची, पुढची सगळी प्लास्टरची. म्हणजे अगदी खऱ्यासारखं: पुठ्ठ्याचा साचा, त्याला खालून आगकाड्यांचे टेकू, साच्यात प्लास्टर ओतायचं आणि ते धरलं की टेकू काढायचे. टेकू म्हणजे काय हे वर्गाला समजवण्यात सरांची पंधरा मिनिटं गेली. मी सात वर्षांची असताना तुझ्या कामाच्या टेबलाखाली बसून काडेपेट्यांच्या स्लॅबला टेकू लावत होते, त्यामुळे मी तेवढा वेळ शहाण्यासारखं तोंड करून बसले.

आता खरी गोष्ट. मी आपल्या वाचनालयाचा जिना घेतला आहे. तुला आवडणार नाही हे माहीत होतं, म्हणून सुट्टीत टेप घेऊन जाऊन मापं आणली आणि तुला सांगितलं नाही.

मामा, कळायला लागल्यापासून मी एकच ऐकत आले आहे. दूध सांडलं, बापाची घाई. गणित चुकलं, बापाची घाई. आईने बाबांचा फोटो अजून भिंतीवर लावलेला नाही. घाईत टेकू काढले, स्वतः गेला आणि आपल्याला ठेवून गेला, यापलीकडे ती बोलत नाही. मी तेव्हा दीड वर्षाची होते. त्यांचा आवाज मला माहीत नाही. पण ज्याच्याखाली ते गेले तो त्यांनीच बांधलेला जिना तर माहीत करून घेता येईल. एवढ्या चांगल्या गवंड्याला कसली एवढी घाई झाली होती, ते मला हाताने कळून घ्यायचं आहे. ती घाई खरंच माझ्यात आली असेल तर ह्या धंद्यात पडण्याआधी मला ते कळायला हवं.

तू तिथे होतास. मदत करशील ना?

तुझी ठमी


(तारीख नाही. पोस्टाचा शिक्का ११ ऑगस्टचा.)

ठमाबाई,

माझा कान गेला आहे, डोळे जागेवर आहेत. त्यामुळे तू मला चोरून वाचनालयात टेप घेऊन फिरलीस ते स्वच्छ वाचता आलं. मोठी झालीस. आता मामाला कळवतेस, विचारत नाहीस.

तुझे सर मला आवडले. आमच्या वेळी असा एक माणूस कामावर हवा होता. प्लास्टरचं म्हणशील तर पाणी आधी, भुकटी मागून, आणि ओतल्यावर साच्याला बाहेरून टिचक्या मार, म्हणजे आतली हवा निघून जाईल. साच्याला तेलाचा हात दे, नाहीतर पुठ्ठा निघता निघणार नाही. बाकी तू सगळं जाणतेस. पण जिनाच करायचा तर दुसरे काय कमी आहेत? तुझ्या शाळेचा आहे. पाण्याच्या टाकीचा तर गोल आहे, तो करून दाखव म्हणावं कुणालाही. जुन्या जागी फिरून काय मिळतं?

तुझ्या बाबांबद्दल विचारतेस म्हणून एक सांगतो, जे फोटोत दिसत नाही. मला या धंद्यात भाऊजींनीच आणलं. मी सेंट्रिंगवाला, ते गवंडी. मी फळ्या आणि टेकू उभे करायचे, त्यांनी वर काँक्रीटचा माल भरायचा. टेकूखाली जायची वेळ आली की ते हातोडीच्या दांड्याने टेकूवर तीन ठोके द्यायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. ज्याच्यावर भार आहे तो टेकू ताणलेला वाजतो. रिकामा बद्द वाजतो. "आधी विचारावं, मग आत जावं," म्हणायचे. न विचारता खाली गेलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. आम्ही पोरं हसायचो, टेकूला काय विचारायचं म्हणून.

त्या दिवसाचं म्हणशील तर कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. माझ्या कानाशी फळी आदळली होती, त्यापुढचं मला आठवत नाही. दुपारी चारच्या सुमारास अजून त्या कानात काहीतरी वाजत असतं. डॉक्टर म्हणतात, मेलेल्या कानाला असे भास होतात.

जेवत जा. आगकाड्या खाऊन पोट भरत नाही.

मामा


२९ ऑगस्ट

मामा,

तीन ठोक्यांची गोष्ट मी चार वेळा वाचली. आता मीही मॉडेलखाली बोट घालायच्या आधी काडीवर नखाने तीनदा वाजवते. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, आतले लोक दार उघडत नाहीत वाटतं.

सहा मॉडेलं झाली. पुठ्ठ्याची दोन सरांनी कापली, ते ठीकच. तिसरं साच्यालाच चिकटलं, कारण तुझं तेल मला आठवलं नाही. पण चौथं, पाचवं आणि सहावं एकाच ठिकाणी मोडलं. जिना जिथे वळतो ना, तिथला चौकोनी टप्पा. टेकू काढले की पायऱ्या उभ्या राहतात आणि टप्पा मान टाकतो. मी म्हटलं, झालं, बापाची घाई.

सरांनी तिन्ही तुकडे करवतीने कापले आणि उन्हात धरले. म्हणाले, पायऱ्यांचा रंग बघ आणि टप्प्याचा बघ, हे दोन एका दिवसाचे नाहीत. खरंच होतं ते. माझ्या भांड्यात एका वेळी पूर्ण जिन्याएवढं प्लास्टर मावत नाही. पायऱ्या भरल्या की माल संपतो, टप्पा राहतो, तो मी दुसऱ्या दिवशी भरते. आणि टेकू काढायचा दिवस मात्र पायऱ्यांपासून मोजते. सर म्हणाले, तू घाई करत नाहीस, तू मोजायला चुकतेस, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला इतकं बरं वाटलं की मी वेड्यासारखी त्यांना थँक्यू म्हणत राहिले. आता सगळ्या वर्गाला नियम झाला आहे: प्रत्येक तुकडा भरला की साच्यावर पेन्सिलने तारीख. तारीख नसेल तर टेकूला हात लावायचा नाही.

आणि एक गंमत. की गंमत नाही, तूच ठरव. जिना केवढा आहे ते कळावं म्हणून मॉडेलमध्ये कार्डाचा एक माणूस उभा करतात. माझा तीन इंचांचा आहे, हातात हातोडी दिली आहे. मी त्याला टप्प्याच्या बाहेरच्या कडेला उभा करते, जिथून तो चालत येईल. सकाळी येऊन बघावं तर तो आत, भिंतीशी पडलेला असतो. असं चार वेळा झालं. झाडणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मी टेबलांना हात लावत नाही गं बाई, आणि तुझ्या टेबलाजवळ तर नकोच वाटतं. पंख्याच्या वाऱ्याने होत असेल. पण वारा बाहेर ढकलेल ना, आत का नेईल?

तुझ्या पत्रावर तारीख नव्हती. शिक्का पाहून मीच वर लिहिली.

ठमी


(तारीख नाही. शिक्का ३ सप्टेंबर.)

ठमे,

हा जिना सोड. तीनदा पडला ना, मग कळायचं ते कळलं. शहाण्याला शब्दाचा मार. टाकीचा गोल जिना कर, मी लाकडाचे टेकू छिलून पाठवतो.

खिडक्यांचं मोठं काम आलं आहे, लिहायला वेळ नाही.

मामा


२० सप्टेंबर

मामा,

तुझं पत्र इतकं छोटं होतं की मी पाकीट उलटं करून झटकलं. लाकडाचे टेकू मिळाले. सहा आहेत आणि सुरेख झाले आहेत. टाकीचा जिना काही मी घेतला नाही, पण वाचनालयाच्या टप्प्याखाली ते बरोबर बसले, एक सूतही कमीजास्त नाही. तिथे किती टेकू लागतात आणि केवढ्या उंचीचे, हे मी तुला कळवलंच नव्हतं रे. तुझ्या हाताला अजून सगळं पाठ आहे.

रागावू नकोस, पण मला विचारावंच लागेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली म्हणालास. फांदी कळली. कावळा कोण?

आईला फोन केला होता. बाबा नेमके कुठे सापडले, असं मी विचारलं. आधी नुसता शिलाई मशीन चालल्याचा आवाज आला. मग म्हणाली, आत भिंतीच्या कोपऱ्यात, टेकूला मिठी मारून. काढलेला टेकू त्यांच्या हातातच होता, म्हणून तर कुणी काढले याबद्दल कुणाला शंका आली नाही. एवढं बोलून तिने फोन ठेवला.

मामा, कोपऱ्यात. माझा कार्डाचा माणूस जिथे जाऊन पडतो तिथेच. मी त्या दिवशी टेबलाकडे गेलेच नाही, कँटीनमध्ये बसून राहिले.

त्या टप्प्यावर तारीख कुठे लिहिली होती रे? तुम्ही खडूने फळीवर लिहायचात ना? तूच मला काडेपेट्यांवर लिहायला लावायचास. आणि मला आत्ता लक्षात आलं की तू तुझ्या पत्रांवर ती लिहीत नाहीस. आमच्या घरी येतोस तेव्हा जिन्याखालची सायकलही मला काढायला लावतोस. लहानपणी मला वाटायचं की तू पालींना भितोस.

उत्तर दे.

ठमी


१८ ऑक्टोबर

मामा,

महिना होत आला. आई म्हणते तू बरा आहेस, दुकान उघडतोस, फक्त आमच्याकडे आलेला नाहीस. म्हणजे पत्र मिळालं आहे.

अकरावं मॉडेल झालं. ह्या वेळी मी जिना बांधायला शिकत नव्हते, पाडायला शिकत होते. कसं ते सांगते, आणि चूक असेल तिथे मला थांबव, कारण हे सगळं तुझंच शिकवणं आहे.

टेकू काढायचे ते आतून बाहेर. आधी भिंतीजवळचे, शेवटी दाराकडचे, म्हणजे शेवटचा काढताना आपण मोकळ्यात असतो. टेबलाखाली बसून तू मला हे इतक्या वेळा घोकवलंस की मी झोपेतही सांगेन. म्हणून मी आधी भिंतीजवळचा एकच काढला. टप्पा पडला नाही. दोन काढले, तरी नाही. चार काढले तेव्हा कुठे त्याला बारीक चीर गेली. म्हणजे बाबा टेकू काढत असते, तर टप्पा पडायच्या वेळेला ते दाराजवळ असते. कोपऱ्यात नसते. कोपऱ्यातला टेकू काढायचं काम तर सगळ्यात आधी उरकलेलं असतं. हे मी ह्याच मॉडेलच्या टप्प्यावर नऊ वेळा करून पाहिलं. नवीन प्लास्टर ओतून, तुझे लाकडाचे टेकू लावून, काढून. नऊही वेळा टेकू काढणारा माणूस बाहेर निघतो.

कोपऱ्यात सापडायचं तर माणसाला बाहेरून आत जावं लागतं. टेकू घेऊन.

ते काढत नव्हते, मामा. ते परत लावायला चालले होते. आणि खाली जायच्या आधी तीनदा विचारणारा माणूस घाईचा नसतो, हे तूच लिहिलं आहेस.

मग काढले कुणी?

मी तुझ्यावर चिडलेली नाही. मला अजून काही माहीतच नाही. पण माझ्या हाताला माहीत झालं आहे आणि त्याला आता विसरता येत नाही. तो कार्डाचा माणूस मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला आहे. ड्रॉवर उघडायची हिंमत होत नाही.

ठमी


२ नोव्हेंबर

ठमे,

वर तारीख लिहिली आहे. बघून घे.

मी काढले.

आता क्रमाने लिहितो, कारण एकदा थांबलो तर परत सुरू करता येणार नाही. वाचनालयाच्या पायऱ्या आम्ही एका दिवशी भरल्या. टप्प्यापाशी आलो आणि माल कमी पडला. पुढचा माल यायला आठ दिवस गेले, मग टप्पा भरला. भरून झाल्यावर फळीवर खडूने तारीख टाकायची हे माझं काम. भाऊजी हात धुताना म्हणाले, "तारीख लिहिलीस?" खडू खिशात नव्हता, खाली पिशवीत होता. उतरून चढायचा कंटाळा आला. मी म्हणालो, "हो." मनात होतं, उद्या लिहीन.

उद्या विसरलो. चौदाव्या दिवशी पायऱ्यांवरची तारीख वाचली, बोटांवर दिवस मोजले आणि टेकू काढायला घेतले. थंडीचे दिवस होते, माल धरत नव्हता. टप्प्याचा तो सहावा दिवस होता. तुझ्या भांड्यात जे झालं तेच माझ्याकडून झालं. तुझं ऑगस्टचं पत्र वाचलं तेव्हा मला वाटलं की हे कुणीतरी तुला सांगून लिहून घेतलं आहे. चोराच्या मनात चांदणं.

आतले चार काढून मी दाराशी आलो. तेवढ्यात भाऊजी आले. त्यांनी उरलेल्या टेकूवर तीन ठोके दिले आणि मान वाकडी केली. मीही ऐकला तो आवाज. असा ताणलेला टेकू मी आयुष्यात ऐकला नव्हता. वर टप्प्यावर दोन बायका विटांची पाटी टेकवून उभ्या होत्या. भाऊजींनी त्यांना पायऱ्यांकडे पळायला सांगितलं, मी काढलेला एक टेकू उचलला, मला दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो परत लाव," आणि आत गेले. मी वाकलो होतो. टेकूला माझा हात लागला होता. एवढंच झालं होतं.

त्या बायका वाचल्या. माझा कान गेला.

लोक धावत आले. कुणीतरी मला धरून विचारत होतं, टेकू कुणी काढले, कुणी काढले. माझ्या तोंडून निघालं, "भाऊजींनी." दुसरं काही नाही, एक शब्द. त्यांच्या हातात टेकू होता, मग कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मला वाटलं, ते गेले, त्यांना आता काय होणार आहे. नंतर तुझी आई फोटो ट्रंकेत ठेवताना दिसली तेव्हा कळलं की गेलेल्या माणसालाही खूप काही करता येतं. पण एक दिवस गेला, मग एक वर्ष गेलं, आणि तू पळायला लागलीस, पडलीस की सगळे म्हणायचे बापाची घाई. मीही म्हणायचो. तुला हे माहीत असावं म्हणून लिहितो. मीही म्हणत होतो.

मी सेंट्रिंगचं काम सोडून सुतारकाम धरलं ते दुःखाने, असं सगळ्यांना वाटतं. मी भीतीने सोडलं. तुला टेबलाखाली बसवून टेकू शिकवले तेही भीतीनेच. निदान हिला तरी बरोबर शिकवू, म्हणून.

डॉक्टर काही म्हणोत, कानात रोज वाजतं ते काय आहे मला माहीत आहे. तीन ठोके असतात. चांगला कान झाकून घेतला तरी येतात. ते रोज विचारतात आणि मी रंधा जोरात चालवतो.

तुला जे करायचं ते कर. ब्लेडसरांसारखं मधोमध काप.

मामा


१४ नोव्हेंबर

मामा,

तुझं पत्र परीक्षणाच्या आदल्या दिवशी मिळालं. मी ते वाचलं, घडी घातली आणि बाराव्या मॉडेलचा टप्पा भरायला बसले. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. हात चालत होते आणि मी रडत होते. प्लास्टरमध्ये पाणी जास्त झालं असेल तर ते त्यामुळे.

काल सगळ्यांची मॉडेलं मांडली होती. माझ्या पायऱ्यांखालचे टेकू काढलेले होते, टप्प्याखालचे नाहीत. ड्रॉवरमधून तो माणूस काढला. त्याच्या हातातली हातोडी कापून टाकली आणि तुझ्या सहापैकी एक टेकू त्याला धरायला दिला. कोपऱ्यात मीच ठेवला, त्याला स्वतःहून जावं लागू नये म्हणून. सर आले, खिशात हात घातला आणि पातं काढलं. मी म्हणाले, सर, हे कापू नका. आजवर त्यांना असं कुणी म्हटलेलं नाही. त्यांनी विचारलं, हा माणूस टेकू घेऊन कुठे निघाला आहे? मी म्हणाले, परत लावायला. मग त्यांनी विचारलं, टप्प्याचे टेकू कधी काढणार? मी साच्यावरची तारीख दाखवली. आदल्या दिवशीची. सरांनी पातं खिशात ठेवलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी पास झाले.

बाबा घाईचे नव्हते. हे मला वीस वर्षांची झाल्यावर कळतं आहे. तू मला दुखावलंस की नाही ते मला अजून समजत नाही. टेबलाखालचा तू आणि पत्रातला तू एकच आहेस, हे मला नीट जुळवता येत नाही. जुळेल तेव्हा कळवीन. पण आईचं वेगळं आहे. ती एकोणीस वर्षं एका मेलेल्या माणसावर रागावून बसली आहे आणि तो राग तुझ्या वाटणीचा आहे.

मी तिला सांगणार नाही. तू सांग. पत्राने नाही, फोनवर तर नाहीच. समोर बसून.

ठमी


३० नोव्हेंबर

ठमे,

सांगितलं.

धीर गोळा करण्यात बारा दिवस गेले, आणि तेराव्या दिवशी धीर न होताच गेलो. ताई शिवत बसली होती. मी समोर बसलो. थोडा वेळ थांब म्हणालो तर म्हणाली, तू बोल, मला मशीन चालवताना ऐकू येतं. मग मी खडूपासून सांगितलं. पिशवी, कंटाळा, चौदा दिवस, वरच्या दोन बायका. "भाऊजींनी" म्हणालो होतो तेही सांगितलं. मशीन थांबलं नाही. शिवण संपली तेव्हा तिने दोरा दाताने तोडला, कापडाची घडी घातली आणि विचारलं, "शेवटी काय म्हणाले ते?"

"'तो परत लाव' म्हणाले."

"मला काही?"

"नाही, ताई."

खोटं सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण माझ्या वाटणीचं खोटं मी केव्हाच बोलून संपवलं आहे.

ती उठून आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. फोटो घेऊन आली आणि पदराने काच पुसली. मला वाटलं आता रडेल, पण रडली नाही. फोटोकडे बघून म्हणाली, एवढी वर्षं मी तुमच्याशी भांडत होते. मग मला हातोडी आणून दिली. भाऊजींचीच होती, दांडा त्यांच्या हाताने झिजलेला. म्हणाली, "खिळा तू ठोक."

मी ठोकला. तीन घावांत बसला. भिंत जुनी आहे, पण खिळा पक्का आहे, काळजी करू नकोस.

निघताना मी विचारलं, परत कधी येऊ. ती म्हणाली, मी बोलावीन. बोलावणं अजून आलेलं नाही. यायलाच हवं असंही मी म्हणत नाही. तुझं जुळेल तेव्हा जुळेल, नाही जुळलं तरी तू टेकू नीट लावशील, एवढ्यावर माझं भागेल.

मला वाटलं होतं की सांगून टाकलं म्हणजे कान शांत होईल. झाला नाही. काल दुकानात फळीला रंधा मारत होतो. चार वाजले आणि ठोके आले, रोजच्यासारखेच तीन, आणि मग ते मान वाकडी करून थांबल्यासारखी शांतता. मी रंधा खाली ठेवला. दुकानात कोणी नव्हतं. मी म्हणालो, "नाही, भाऊजी. तारीख लिहिली नव्हती."

मामा